सॉरेल दरीतला सतरा नंबर

सॉरेल दरीत दिवस उगवतो तो व्हर्डीमावशीच्या आवाजानं. सूर्याला यायला उशीरच असतो. दोन्ही अंगांना डोंगर, मधून ओढा, ओढ्यावर धुक्याची गोधडी. केंटकीच्या या कोपऱ्यात मोबाइल फोन म्हणजे खिशातलं घड्याळ. दुसरा उपयोग नाही. पण घरोघरी स्वयंपाकघराच्या फळीवर ऐकता-बोलता येणारे जुने सीबी रेडिओ गरम होत असतात, त्यांचे काटे पाखराच्या शेपटीसारखे थरथरतात, आणि कड्यावरच्या शेवटच्या घरातून म्हातारी म्हणते :

"डोंगर उठले, धुकं अजून निजलं,
सांगा लेकरांनो, कोण कोरडं, कोण भिजलं."

मग हजेरी. ज्याचा त्याचा नंबर पुकारला की कोरडा का भिजलेला ते सांगायचं. नंबर मावशीच देते, आणि एकदा दिलेला नंबर पुन्हा दुसऱ्याला देत नाही. मेलेल्यांचेही पुकारते. "एक," म्हणते आणि थांबते. एक नंबर तिच्या नवऱ्याचा, एस्टिलचा. त्या थांबण्यात ओढ्याचं पाणी ऐकू येतं असं लोक सांगतात. रेडिओतून पाणी कुठलं ऐकू यायला! पण सांगतात.

थर्मन गिबीला त्या हजेरीत नंबर हवा होता. दुसरं काही नको होतं.

थर्मन वजनमाप खात्यातला निरीक्षक. उभी हयात त्यानं दुकानादुकानांतले काटे तपासले, लबाड काट्यांना लाल चिठ्ठ्या लावल्या. त्याची पितळी वजनं मखमलीच्या पेटीत निजायची आणि दरवर्षी राजधानीला जाऊन स्वतः तपासून यायची. निवृत्त होताना पेटी खात्याला परत केली आणि थर्मन रिकामा झाला. दरीत त्याचं कुणाशी वैर नव्हतं. पण ज्यानं तुमच्या काट्याला लाल चिठ्ठी लावली, त्याला ओसरीवर बसून बीन्स सोलायला कोण बोलावतं? बायको लोरीन चर्चच्या बायकांत गोधड्या शिवायला जायची. मागे थर्मन आणि घड्याळ. घड्याळही बरोबरच चालायचं, त्यामुळे त्याच्याशीही भांडायला जागा नव्हती.

म्हणून त्यानं रेडिओ घ्यायचं ठरवलं. तंबाखूच्या जुन्या वखारीत जुन्या यंत्रांचा बाजार भरतो, तिथे गेला.

"हा चालतो का?" त्यानं विचारलं.

"शेवटचा लावला तेव्हा चालत होता," विकणारा म्हणाला.

"शेवटचा कधी?"

"तेव्हा मी सडपातळ होतो."

थर्मननं माणसाकडे पाहिलं आणि रेडिओ घेतला. लाकडी अंगाचा, जड, पोटात गेल्या पिढीची धूळ. त्याच बाजारातून लहरी मोजायचं एक यंत्रही घेतलं, हिरवे आकडे दाखवणारं. ते आकडे पाहून त्याला पितळी वजनांची आठवण झाली आणि जीव निवला.

दरीची हजेरी चालते साइडबँडवर, त्याची तऱ्हा आता सांगायला हवी. साध्या रेडिओवर सगळा आवाज पाठवतात. साइडबँडवर अर्धाच. उरलेलं ऐकणाऱ्याचा रेडिओ स्वतःच्या पोटातून भरून काढतो, म्हणून थोडक्या ताकदीत आवाज लांब जातो. अट एकच : दोघांचे रेडिओ एकाच ठिकाणी लागलेले हवेत. जरा सरकले की माणसाच्या आवाजाचं बदक होतं. ऐकण्यापुरती एक बारीक कळ बाहेर असते, ती फिरवून समोरच्याला नीट करून घेता येतं. बोलणं मात्र आतल्या स्क्रूवर. तो स्क्रू थर्मननं हिरव्या आकड्यांवर लावला, केसाचाही फरक न ठेवता, आणि एका सकाळी हजेरी संपल्यावर छाती भरून म्हणाला, "मी थर्मन गिबी. मला नंबर मिळावा."

मग हॉबर्ट नेपियर, गॅरेजवाला, म्हणाला, "मावशी, तुझ्या परसात बदक शिरलंय."

"बदक नाही रे, इन्स्पेक्टर असेल," दुसरं कोणी म्हणालं. "दोघंही चालतात सारखेच."

व्हर्डीमावशीनं हसणाऱ्यांना गप्प केलं. "बाळा, कोण असशील तो ऐक. तुझा स्क्रू जरा डावीकडे घे. मला नीट ऐकू आलास की नंबर देते."

थर्मननं तिचं बोलणं नीट ऐकलं, कारण कळ फिरवली होती. पण स्क्रूला हात लावला नाही. बरोबर असलेली वस्तू डावीकडे घ्यायची? त्यानं दुसरा रेडिओ आणला. मग तिसरा, जो एका ट्रकवाल्याच्या विधवेनं नवऱ्याच्या पायमोज्यांसकट विकला. तिन्ही हिरव्या आकड्यांवर लावले. तिन्ही बदकं.

"आता तळं खणायचं तेवढं राहिलं," लोरीन म्हणाली.

"सगळी दरी चुकीच्या जागी आहे," थर्मन म्हणाला. "सगळे सारखेच सरकलेत. एस्टिलच्या रेडिओवर लावत गेले, तो म्हातारपणी घसरला, त्याच्यामागे हे घसरले."

"एकमेकांना ऐकू येतंय ना त्यांना?"

"येतंय. चुकीच्या जागी."

लोरीननं सुईत दोरा ओवला आणि गोधडी पुढ्यात ओढली.

एका दुपारी थर्मन यंत्र काखेत घेऊन कड्यावर चढला. मावशीनं कॉर्नब्रेड पुढं ठेवला, ताक ओतलं. एस्टिलचा रेडिओ खिडकीत होता, वर क्रोशाचा रुमाल. थर्मननं मोजमाप केलं, आकडे दाखवले.

"तुम्ही चुकीच्या जागी आहात, बाई."

"एस्टिलच्या दुकानातल्या काट्यालाही तू असंच म्हणाला होतास," ती म्हणाली. "गिऱ्हाइकाला चार दाणे जास्त जात होते."

"नियम दोन्ही बाजूंना सारखा असतो."

"असतो, असतो. मग कर बाबा नीट. खरं ते खरं."

थर्मनला वाटलं होतं भांडावं लागेल. भांडणाची तयारी करून गेलेल्या माणसाला होकार मिळाला की तो थोडा ओशाळतोच. त्यानं रुमाल बाजूला केला, झाकण काढलं, आणि एस्टिलचा स्क्रू खऱ्या जागी आणून ठेवला.

दुसऱ्या सकाळी थर्मन आपल्या रेडिओपुढे दाढी करून बसला. काटा थरथरला. बारीक कळ मधोमध, काही फिरवायला नको, आणि आवाज आला, धुतलेल्या काचेसारखा :

"डोंगर उठले, धुकं अजून निजलं..."

"थर्मन, लेका," आवाज म्हणाला, "बाकीचे सगळे आज बदकं झालेत. तुझं मोजमाप लागू पडलं म्हणायचं. तुझा नंबर सतरा. ऐकलंस का?"

"ऐकलं," थर्मन म्हणाला. "सतरा." आणि लोरीनला हाक मारून पुन्हा म्हणाला, "सतरा."

दरीत मात्र दुसरंच ऐकू आलं. घरोघरी मावशीच्या जागी काहीतरी फुसफुसलं, गुरगुरलं, तोंडात चिंध्या कोंबल्यासारखं. कळ फिरवून पाहावी हे कुणाला सुचलं नाही. मावशीचा आवाज हीच सगळ्यांची रेडिओ लावायची खूण. खुणेसाठी कोणी कळ फिरवतं का? तिचं बोलणं बिघडलं तर मावशीच बिघडली.

"लकवा," हॉबर्ट म्हणाला. "जीभ गेली बघा तिची."

मग सगळी दरी कड्याकडे निघाली. पिकअप ट्रक, ट्रॅक्टर, चर्चची गाडी. कुणी पातेलंभर चिकन अँड डंपलिंग्ज घेतले, कुणी ॲपल पाय, कारण आमच्याकडे दुःखाला रिकाम्या हातानं जात नाहीत. ओढ्यावरच्या पुलावर गाड्यांची रांग लागली तेव्हा खिडकीतून लोरीननं पाहिलं आणि म्हणाली, "थर्मन, तुझ्या सतरा नंबरची मिरवणूक निघालीय वाटतं."

तो पोचला तेव्हा मावशीचं स्वयंपाकघर गच्च भरलं होतं. मावशी खुर्चीत ताठ बसलेली, आणि चर्चच्या पाळकबाई तिला पुन्हा पुन्हा हसायला सांगून ओठ वाकडा होतो का ते पाहत होत्या.

"हसून हसून गाल दुखले माझे," मावशी म्हणाली. "हा आला बघा. ह्यानं मला नीट केली."

सगळे थर्मनकडे वळले. हॉबर्टच्या डोळ्यांत पाणी होतं, त्यामुळे त्याला धड रागावताही येईना. "इन्स्पेक्टरसाहेब," तो म्हणाला, "येताना तीन वळणं मी प्रार्थना करत, डोळे मिटून घेतली."

थर्मननं काखेतलं यंत्र पुढं केलं. हिरवे आकडे दाखवले. मावशी खऱ्या जागी आहे, तुम्ही सगळे नाही, असं समजावू लागला. लोक ॲपल पाय खात ऐकत होते.

"बाळा," मावशीनं विचारलं, "तुझी पितळी वजनं तपासायला राजधानीला जायची ना?"

"दरवर्षी."

"मग हे कुठं जाऊन आलंय?"

थर्मननं यंत्राकडे पाहिलं. हिरवे आकडे शांतपणे उजळत होते. त्याच्याजवळ होतं ते उत्तर एखाद्या दुकानदारानं दिलं असतं, तर थर्मननं खिशातून लाल चिठ्ठी काढली असती.

"तंबाखूच्या वखारीतून," तो म्हणाला.

कोणी हसलं नाही. हसले असते तर सोपं गेलं असतं.

त्यानं यंत्र बंद केलं. रुमाल बाजूला केला, झाकण उघडलं. "हॉबर्ट, तुझ्या ट्रकमधल्या रेडिओवर बोलत राहा. काहीही बोल." अंगणातून हॉबर्ट आपल्या सासूविषयी बोलू लागला, तो विषय त्याला पुरतो. थर्मननं कान रेडिओला लावला आणि स्क्रू हळूहळू डावीकडे घेतला. बदकाचा हॉबर्ट झाला. मावशी म्हणाली, "आणखी एवढंसं. एस्टिल तिथे नव्हता. हां. आता तिथे आहे."

निघताना थर्मन दारात घुटमळला. "मावशी, तू मला सतरा दिला होतास."

"कुणी ऐकलं का रे?"

"आधी तुझी गुरगुर, मग याचं बदक, एवढंच ऐकलं मी," हॉबर्ट म्हणाला. सगळ्यांनी तेवढंच ऐकलं होतं.

थर्मननं मान हलवली आणि उतार उतरला. घरी येऊन त्यानं तिन्ही रेडिओ उघडले आणि कानानं, एकेक करून, तिन्ही डावीकडे घेतले. लोरीन दिवा धरून उभी होती. "सोपं होतं की," ती म्हणाली. त्यानं शेवटचं झाकण बसवलं.

सकाळी काटा थरथरला. डोंगर उठले, धुकं अजून निजलेलं. "एक," मावशी म्हणाली आणि थांबली. थर्मननं कान दिला. पाणी ऐकू आलं की आपल्याच घरामागचा ओढा, हे त्याला ठरवता येईना, आणि त्यानं ठरवलंही नाही. हजेरी पुढे गेली. सोळा नंबर कोरडा होता.

"सतरा," मावशी म्हणाली.

थर्मननं बटण दाबलं, तेवढ्यात हॉबर्टचा आवाज मधे शिरला : "मावशी, सतरा तू बदकाला दिलास. दिलेला नंबर पुन्हा देत नाहीत."

"खरंच की," मावशी म्हणाली. "नियम दोन्ही बाजूंना सारखा." आणि जितकी एस्टिलसाठी थांबते तितकीच त्या बदकासाठी थांबली.

"अठरा?"

"कोरडा," थर्मन म्हणाला. मग खरं ते खरं म्हणून म्हणाला, "थोडा भिजलेला."