ओढ्यापलीकडच्या कोंबड्या

"टँकरवाले, ऐकताय ना? हेलिकॉप्टर परत चाललीत. दोन्ही."

कॅप्टन अगिरेचा आवाज वॉकीटॉकीवर आला तेव्हा ऑर्व्हल ट्रिबेट लॉर्ना विकर्सच्या गोठ्याच्या लाकडी भिंतीवर पाणी मारत होता. पंपाची घरघर एवढी होती की त्याला ओरडूनच बोलावं लागलं.

"तेल भरायला गेली का?"

"तेल कसलं! कुणीतरी ड्रोन उडवतंय. ऐन ओढ्यावर. पायलटनं डोळ्यांनी पाहिलाय. ड्रोन खाली उतरेपर्यंत आता वर कुणी जाणार नाही."

ड्रोन पंख्यात गेला तर हेलिकॉप्टर माणसांसकट खाली येतं, हे त्या खोऱ्यातलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. पोस्टात, किराणा दुकानाच्या दारावर, जत्रेच्या मैदानावर तशा पाट्याच लावल्या होत्या. तरीही कुणाला तरी हौस आली होती.

ऑर्व्हलनं मान वळवून ओढ्यापलीकडं पाहिलं. तिथं त्याचं स्वतःचं घर होतं, निळ्या पत्र्याचं. सकाळपासून हेलिकॉप्टर तळ्यातून बादल्या भरभरून त्या घरामागच्या उतारावर ओतत होती आणि आग वरच्या वर अडली होती. ओढ्याच्या अलीकडं टँकर आणि पलीकडं हेलिकॉप्टर, अशी वाटणी कॅप्टननं करून दिली तेव्हा त्यानं हूं की चूं केलं नव्हतं. हेलिकॉप्टर आहेत म्हटल्यावर तो निर्धास्त होता.

"कॅप्टन, मी जाऊ का पलीकडं? टाकीत अजून पाणी आहे."

"पुलापाशी आग उतरलीय, ऑर्व्हल. नाही."

"जोरात काढतो की."

"नाही म्हणतेय ना मी! मग तुम्हालाही शोधत बसू का?"

तो गेला नाही. पाण्याची धार गोठ्यावर धरून उभा राहिला, आणि बघत राहिला. आधी खुराडं गेलं, मग पोर्च. मग स्वयंपाकघराची खिडकी आतून उजळली. त्या खिडकीशी मार्व्हाचं लिंबाचं झाड होतं. ओरेगनच्या त्या डोंगरात लिंबू थंडीनं मरतं, म्हणून त्याच्या बायकोनं ते चाकांच्या टबात लावलं होतं. ती वारल्यावरही तो दर हिवाळ्यात ते ढकलत आत नेई. त्या दिवशी ऐन उन्हाळ्यात त्यानं ते आत ढकललं होतं, ठिणग्या पडू नयेत म्हणून. टँकरच्या मागच्या पायरीवर बांधून आणता आलं असतं. पण टँकर सगळ्या खोऱ्याचा आणि झाड घरचं, असा त्याचा हिशेब.

हेलिकॉप्टर परत आली तेव्हा पलीकडं धुराडं तेवढं उभं होतं. लॉर्नाच्या गोठ्याच्या रंगालासुद्धा धक्का लागला नव्हता.

ऑर्व्हलबद्दल सांगण्यासारखं तसं काही नव्हतं. उभा जन्म त्यानं शाळेची बस चालवली. खोऱ्यातले निम्मे कर्ते लोक त्याच्या बसमधून शाळेत गेलेले. कोण कुठल्या बाकावर बसायचा, कुणाला वळणावर ओकारी यायची, हे त्याला अजून पाठ. बसची नोकरी सुटली तेव्हा त्यानं आगीचा टँकर धरला, तोही फुकट. राहिल्या कोंबड्या. ओळखीपाळखीत त्याची अंडी जायची, आणि तीही अशी की शेजारच्या घरातून काही जिन्नस आला की त्याच भांड्यात अंडी घालून भांडं परत. आलेलं भांडं रिकामं पाठवायचं नाही, हा मार्व्हाचा दंडक. ती गेली तरी त्यानं तो मोडला नाही.

घर गेल्यावर लॉर्नानं तिचा जुना ट्रेलर त्याला राहायला दिला, तिच्याच कुरणात. ती मार्व्हाची जिवाभावाची मैत्रीण. बाकीच्यांनी जेवण धाडायला सुरुवात केली. भाजलेल्या नूडल्सच्या किती तऱ्हा असतात हे ऑर्व्हलला घर जळल्यावर कळलं. मासा घातलेल्या, चीज घातलेल्या, वरून बटाट्याचे वेफर चुरलेल्या. प्रत्येक काचेच्या भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी, तिच्यावर त्या घरच्या बाईचं नाव. ऑर्व्हल भांडी धुऊन ट्रेलरच्या बाकाखाली रचून ठेवायचा. परत करायची तर अंडी हवीत, आणि कोंबड्या कुठं होत्या? होरपळल्या शेपटीच्या दोन तेवढ्या ओढा ओलांडून कुरणात आल्या होत्या, आणि भेदरून अंडी द्यायचंच विसरल्या होत्या.

"घाई काय आहे भांड्यांची!" बायका म्हणायच्या.

"तसं कसं? घालतील आज ना उद्या," तो म्हणायचा.

ड्रोनवाल्याचा पत्ता लागला नाही. शेरीफचा माणूस दुकानात येऊन विचारून गेला. सगळ्यांनी माना हलवल्या. बाहेरचाच कुणी तरी असणार, सापडला तर उलटा टांगायला हवा, असं जो तो ऑर्व्हलच्या खांद्यावर हात ठेवून सांगे. त्याला बरं वाटायचं. माणसं आपली आहेत, या एका गोष्टीवर तो त्या दिवसांत उभा होता. येत्या शनिवारी सगळे मिळून त्याच्या घराचा सांगाडा उभा करून देणार होते. लाकूड डेन स्टाउटन देणार होता. डेन घरं विकायचा धंदा करायचा. त्याच्याकडं पैसा होता, गाड्या होत्या, सगळं होतं.

त्या गुरुवारी दुपारी लॉर्ना नूडल्स घेऊन आली. कॉफी ओतून दोघं ट्रेलरच्या पायरीशी खुर्च्या टाकून बसली.

"पांढरीनं आज अंडं घातलं," ऑर्व्हल म्हणाला. "एवढंसं आहे. पण आहे."

"अरे वा! मग आता माझं भांडं परत मिळणार म्हणायचं." ती हसली. "ती तांबडी पण यायला हवी होती रे. तीच खरी दादा होती. कशा ओळीनं बसल्या होत्या बिचाऱ्या पोर्चच्या पत्र्यावर, तुझ्या बसची वाट बघत असल्यासारख्या."

ऑर्व्हलनं एक घास खाल्ला. मग आणखी एक. मग काटा भांड्यात ठेवला.

आगीच्या दिवशी पहाटे निघताना त्यानं खुराड्याचं दार उघडून दिलं होतं. कोंबड्या पळाल्या नाहीत. फडफडत पोर्चच्या पत्र्यावर चढल्या आणि ओळीनं बसल्या, तांबडी पुढं. त्यालाही अगदी तेच वाटलं होतं, बसची वाट बघताहेत. तो एकटाच हसला होता. एकटाच, कारण आदल्या संध्याकाळीच सगळं खोरं रिकामं करून माणसं जत्रेच्या मैदानावर नेली होती. दिवस मावळायच्या आत तो पत्राही राहिला नव्हता.

"तू कुठं पाहिल्यास कोंबड्या?" त्यानं विचारलं.

"काय?"

"पत्र्यावर बसलेल्या. तू कुठं पाहिल्यास?"

लॉर्नानं कप खाली ठेवला. तिला कळलं.

"तूच सांगितलंस ना."

"मी सोडून दिल्या एवढंच सांगितलं होतं सगळ्यांना."

कुरणात पांढरी कोंबडी माती उकरत होती. मग लॉर्ना रडायला लागली.

"मी फक्त एवढंच म्हटलं, माझं घर आहे का बघ. रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता, ऑर्व्ह. काय झालं, काय राहिलं, कुणी काही सांगत नव्हतं. डेनकडं ते उडतं यंत्र गाडीतच होतं, घरांचे फोटो काढायचं. तो म्हणाला, हेलिकॉप्टर कड्याकडं आहेत, आपण ते इकडून नेऊ, दोन मिनिटांचं काम."

"दोन मिनिटं."

"मग बाकीचे म्हणाले, आमचं पण बघ. मग..."

"कोण कोण होतं?"

"सगळेच होते रे. गोळा झालो होतो त्या पडद्याभोवती." तिनं नाक पुसलं. "तू दिसलास. माझ्या गोठ्यासमोर, पाइप धरून. आम्ही टाळ्या वाजवल्या, ऑर्व्ह. खरंच सांगते, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या तुझ्यासाठी. मग मीच म्हटलं, आता ऑर्व्हचं घर दाखव. तेव्हा त्या कोंबड्या..."

ऑर्व्हलच्या मनात आलं, त्याच वेळी कॅप्टन वॉकीटॉकीवर ओरडत होती. त्याच वेळी आपण मान वळवून पाहिलं. म्हणजे आपण इथून घराकडं बघत होतो आणि हे सगळे वरून बघत होते.

"आणि इतके दिवस?"

"कसं सांगू, कळेना. तू असा तुटला होतास. वाटलं, जेवण देऊ, घर बांधून देऊ. डेन तर सगळं लाकूड देतोय."

"शेरीफचा माणूस आला, तेव्हा तू माझ्या शेजारी उभी होतीस. म्हणालीस, टांगला पाहिजे."

ऑर्व्हलला वाटलं होतं आपल्याला संताप येईल. आला तो वेगळाच, थंड. घर आगीनं नेलं होतं. आगीवर काय रागवायचं? पण ज्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं, त्या प्रत्येकाला माहीत होतं. अंत्यविधीला यावं तसे येऊन गेले सगळे, आणि मारणारेही तेच. त्याला स्वतःची लाज वाटली, की दर भांडं घेताना आपण किती मनापासून आभार मानले.

"भांडं ठेवून जा," तो म्हणाला. "धुऊन देतो."

दुसऱ्या दिवशी त्यानं ट्रेलरमधून आपली गादी उचलली आणि अग्निशमन दलाच्या शेडमध्ये टँकरशेजारी टाकली. कॅप्टन अगिरेनं पाहिलं. ती त्याच्यापेक्षा खूप लहान, पण नजर पोचलेली.

"लॉर्नाशी भांडलात?"

"नाही."

"शेरीफचा माणूस परत विचारत होता. काही कळलं?"

"कळलं." तो टँकरचा पाइप गुंडाळत होता. "उद्या संध्याकाळपर्यंत थांब, कॅप्टन. ज्याचं त्याला येऊन सांगू दे. नाही आला तर मी सांगेन."

तिनं नाव विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "टँकर सोडणार असाल तर मी समजू शकते."

"टँकर कशाला सोडू? आग लागली तर विझवायची. कुणाच्या गोठ्याला लागली ते बघत बसायचं का?"

शनिवारी सकाळी सगळे आले. हातोडे, करवती, कॉफीचा मोठा थर्मास, पोरंबाळं. डेनचा लाकडानं भरलेला ट्रक पुढं. ऑर्व्हल आपल्या पिकअपची मागची फळी पाडून धुराड्यापाशी उभा होता. लॉर्नानं कुणाला काही सांगितलं होतं की नाही कोण जाणे. पण जवळ येता येता माणसं गप्प होत गेली.

"गुड मॉर्निंग, मिस्टर ट्रिबेट," डेन म्हणाला. चाळिशीचा बाप्या, तरी बसमधल्यासारखंच मिस्टर ट्रिबेट. "कुठं उतरवू?"

"उतरवू नकोस. परत ने."

डेन ट्रकला टेकला.

"तिसरीत असताना तू माझ्या बसची मागची काच फोडली होतीस," ऑर्व्हल म्हणाला. आवाज चढवला नव्हता, पण सगळ्यांना ऐकू जात होतं. "कुणी पाहिलं नव्हतं. शेवटच्या थांब्यावर स्वतः पुढं आलास. पाय लटलटत होते तुझे, पण आलास. घरी जाऊन मार्व्हाला म्हटलं, हे पोर चांगलं निघणार."

"मिस्टर ट्रिबेट, माझा धंदा... लायसन्स जाईल हो माझं. मी तुम्हाला अख्खं घर बांधून देतो ना."

"कॅप्टन शेडमध्ये आहे. दार उघडं आहे. संध्याकाळपर्यंत तू गेलास तर ठीक, नाहीतर मी जाईन."

डेन ट्रकमध्ये बसला. ट्रक रस्त्याला लागला आणि शेडच्या उलट बाजूला, त्याच्या घराकडं वळला. सगळ्यांनी ते पाहिलं आणि नजरा खाली घातल्या.

"ऑर्व्हल, अरे आपण बोलू या की," कुणी तरी मागून म्हणालं.

"बोलायला भरपूर दिवस होते," तो म्हणाला. "भांडी तेवढी घेऊन जा."

फळीवर धुतलेली भांडी रांगेनं मांडली होती. एकेक भांडं उचलून, बुडाची चिकटपट्टी वाचून, तो नाव घ्यायचा, आणि ती बाई पुढं यायची. शाळेच्या थांब्यावर नावं घ्यायचा त्याच आवाजात. पोरांनीही दंगा थांबवला होता. पिकअपच्या पुढच्या सीटवर टोपीत पांढरीची अंडी होती, चिमुकली, गुरुवारपासूनची. येता-जाता सगळ्यांना ती दिसत होती.

शेवटी लॉर्ना. तिचं भांडं त्यानं दोन्ही हातांनी धरून दिलं, जसं नेहमी द्यायचा. तिनं घेतलं आणि सवयीनं आत पाहिलं. भांडं लख्ख घासलेलं होतं.