टेकडीची टाकी

तिने संगणकाच्या पडद्यावर टेकडीच्या पाण्याच्या टाकीवर बोट ठेवलं आणि साहेबांना म्हणाली, "हा आकडा मेलेला आहे."

साहेबांना काही ते पटेना. पडद्यावर शहरातल्या सगळ्या टाक्या हिरव्यागार, टेकडीची तर काठोकाठ भरलेली. पण टेकडीवर राहणाऱ्या तिच्या आत्याने सकाळीच फोनवर तिची खरडपट्टी काढली होती. परवापासून नळाला थेंब नाही, आणि तक्रार केली तर पाणीखात्याची माणसं तुमचा पडदा बघून मलाच वेड्यात काढतात.

तिने साहेबांना समजावलं. प्रत्येक टाकीसाठी प्रोग्राममध्ये वेगळा थ्रेड, जणू एकेका टाकीवर नेमलेला एकेक गडी. टेकडीचं मापयंत्र बिघडलं आणि आकड्याऐवजी रिकामी जागा पाठवू लागलं. थ्रेडमध्ये एरर आली, ती कुणी पकडली नाही, आणि तो जागच्या जागी मेला. बाकीचे आपापलं काम करत राहिले. त्याने शेवटचा लिहिलेला आकडा तेवढा मागे उरला.

"बाकी सगळं चालू आहे ना?"

"तेच तर दुखणं आहे, साहेब."

तिथे लाल रंगात 'माहिती नाही' दाखवू, असं ती म्हणाली. साहेबांनी उडवून लावलं. दुपारी पाणीखात्याची बडी मंडळी येणार होती. एरर गिळून टाक, जुना आकडा राहू दे, पुढचं पुढे बघू.

तिने एरर गिळली नाही. उलट प्रोग्रामला बजावलं, कुठल्याही थ्रेडमध्ये न पकडलेली एरर आली की सगळाच थांब, आणि कारण मोठ्या अक्षरांत लिही.

मंडळी खुर्च्यांवर बसली तेव्हा ती साहेबांच्या कानाशी वाकली.

"तुम्ही सांगितलंत ते मी केलेलं नाही."

"चालू कर गं आधी," साहेब पाहुण्यांकडे बघून हसत म्हणाले.

तिने चालू केलं. टाक्या क्षणभर हिरव्या झाल्या, मग पडदा काळाठिक्कर. मधोमध एकच ओळ: टेकडीच्या टाकीचा आकडा येत नाही.

"एका टाकीपायी सगळं पाडलंस," साहेब दात आवळून म्हणाले. "उद्यापासून येऊ नकोस."

"बरं. पण आज आहे मी."

पाहुण्यांपैकी एक बाई ओळ पुन्हा वाचत होत्या. टेकडीवर पाणी आहे की नाही, त्यांनी विचारलं.

तिने फोन लावला, आवाज मोठा केला आणि तो टेबलाच्या मधोमध ठेवला.

"आत्या, सगळे ऐकतायत. बोल."

पलीकडे रिकामी बादली फरशीवर टेकली. मग आत्याने घसा खाकरला.