चुंबकाने धरून ठेवलेली काळी भुकटी

मित्रांनो, मी एक जुनी काळी भुकटी आहे. रोह्याच्या एका छोट्या प्रयोगशाळेत काचेच्या बरणीत राहते. हातात घेतलंत तर तव्याची काजळी वाटेन. पण माझ्या प्रत्येक लोहकणावर दुधातली साखर फोडणारी विकरं, म्हणजे एन्झाइम, पक्की बांधलेली आहेत. दूध प्यायलं की ज्या मुलांचं पोट दुखतं, त्यांना सोसेल असं दूध मी करते.

सुटी विकरं एकदाच कामाला येतात आणि दुधाबरोबर निघून जातात. मला तसं जाता येत नाही. काम झालं की इथे काम करणारी अनिता बरणीला बाहेरून लोहचुंबक लावते. मी काचेला चिकटते. मग दूध ओतून घ्यायचं, मला खारट पाण्याने धुवायचं, चुंबक काढायचा आणि पुन्हा नवं दूध. असं एकवीस वेळा झालं. सुरुवातीला प्रयोगशाळेचे प्रमुख कमळाकर साहेब येईल त्या पाहुण्याला मला दाखवायचे. पुढे नवलाई सरली आणि दाखवेनासे झाले.

गणपतीची सुट्टी लागली त्या दुपारी अनिताला तिच्या गावी, गडबला जायची घाई होती. पेणहून मूर्ती आणायची होती. तिने मला धुतलं, पाणी ओतून टाकलं आणि नवं पाणी न घालता, चुंबकही न काढता ती एस.टी. पकडायला पळाली.

मी काचेला चिकटले ती चिकटलेच. पहिल्या दिवशी अंगावर ओल होती. दुसऱ्या दिवशी वरचे कण कोरडे पडले. विकरं सुकली की आपला आकार विसरतात. मग त्यांचं काम कायमचं जातं. पाण्याची बाटली वीतभर अंतरावर होती, पण मला हलता येत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी अनिताची इथली जोडीदार फरझाना आली. गणपतीत ड्युटी तिची, ईदला अनिताची, असा दोघींचा ठराव. बरणी पाहताच तिने फोन लावला.

"अनिता, चुंबक लावूनच गेलीस गो?"

"अगो बाई! आणि पाणी?"

"पाणी कुठलं? करपलेल्या भाकरीसारखी दिसते ही."

"फेकू नको गो! साहेबांना मीच सांगते."

"फेकायला मी वेडी हाय काय? तू तुझे मोदक सांभाळ."

तिने चुंबक काढला, थंड खारट पाणी घातलं आणि बरणी हातात धरून हळूहळू फिरवत बसली. काही कण सुटले. काही सुटलेच नाहीत.

सुट्टीनंतर साहेब म्हणाले, "टाकून द्या. नवी करू."

"चूक माझी हाय, साहेब," अनिता म्हणाली. "एकदा दूध देऊन तर बघू."

चार तासांच्या कामाला मला नऊ तास लागले. पण दूध झालं. साखर फुटलेलं दूध जास्त गोड लागतं. साहेबांनी ते चाखलं आणि बरणी स्वतःच्या हाताने फ्रिजमध्ये ठेवली.

आता मला थोडंच दूध देतात. शेजारी नव्या भुकटीची बरणी आहे. मित्रांनो, बांधलं म्हणूनच मी इतकी जगले, त्याचा राग नाही. पण कुणाला कामासाठी धरून ठेवलंत, तर काम झाल्यावर सोडा. आणि घरी जाण्याआधी त्याच्या अंगावर ओल आहे ना, एवढं बघा.