पादुकांचे ठोके

चिक्कडपल्लीच्या त्या हॉलात चपला काढायलाही जागा नव्हती. चांदीच्या पादुकेवर अंगठा दाबून धरायचा, की भक्ताचं काळीज हॉलभर ऐकू यायचं. धक्‌धक्, धक्‌धक्! बायका पदराने डोळे पुसत होत्या. एक निवृत्त बँक मॅनेजर तर चक्क आडवा पडला. शिक्षणाने शहाणपण येतं असं कोण म्हणतं?

"सुना?" हृदयानंद महाराज गादीवरून गरजले. "पहिल्या गुरुवारी बारीक आवाज, चौथ्या गुरुवारी नगारा! दिल मजबूत झाला की नाही? मग गोळ्या नक्को!"

माझी थोरली बहीण कुसुमताई हे ऐकून बारा दिवस गोळ्या बंद करून बसली होती. चार महिन्यांपूर्वीच तिच्या हृदयात स्टेंट घातलेला. जिना चढताना धाप लागायची, तरी म्हणायची, "विक्रम, आवाज कैसा वाढला ते तू ऐक तरी!" माझं डोकं सणकलं होतं.

सुलतान बाजारात माझं वाद्यदुरुस्तीचं दुकान आहे. वीणेच्या तारा पेलणाऱ्या घोडीखाली आवाज टिपणारी चकती चिकटवून तिचा आवाज स्पीकरवर आणणं हा माझा रोजचा धंदा. पादुकेखालून गालिच्यात शिरलेली बारीक तार दिसली आणि सगळा चमत्कार माझ्या ध्यानात आला.

रांगेत मी ताईच्या पुढेच उभा होतो. माझी पाळी आली. मी अंगठ्याऐवजी मनगटावरचं चावीचं घड्याळ पादुकेवर ठेवलं. टक्‌टक्‌टक्‌टक्! हॉल दणाणला.

"महाराज, ह्या घड्याळाचाही दिल मजबूत झाला का?"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. सेवकाने माझी कॉलर धरली, पण तोवर मी महाराजांच्या गादीचं टोक उचललं होतं. खाली अॅम्प्लिफायरचा डबा आणि त्याला आवाजाचं बटण.

"ताई, ठेव अंगठा." मी बटण वर नेलं. नगारा! खाली आणलं. चिडीचूप.

ताई पांढरीफटक पडली.

"घाबरू नकोस, जिवंत आहेस," मी म्हटलं. "चकतीवर दाब पडला की रत्तीभर वीज तयार होते. नाडीचा ठोकासुद्धा पुरतो. हा डबा ती हजारपट करतो. ह्या लबाडाने दर गुरुवारी बटण वाढवलं. तुझं हृदय होतं तिथंच आहे."

"नास्तिक है ये!" महाराज ओरडले, मागच्या दाराकडे सरकत.

ताईने अंगठा उचलला. "मग माझं काळीज खरंच कसं आहे रे?"

"ते ना मला कळतं, ना ह्याला. ऑटो थांबवलाय, चल."

कार्डिओग्राम बघून डॉक्टरांनी तिला घरी सोडलंच नाही. स्टेंटमध्ये गुठळी धरू लागली होती. आणखी एक गुरुवार गेला असता, तर ही गोष्ट लिहायला माझा हात धजला नसता.

वाचकहो, डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करू नका. आणि जो कुणी बंद करायला सांगेल, त्याला नमस्कार करण्याआधी त्याची गादी उचलून बघा.