हॉलोगिलचा कळप

अरुणानं गिअर इतक्या रागानं ओढला की गाडी कर्रकन किंचाळली आणि शेजारी बसलेल्या ऋजुतानं पुस्तकातून मान वर काढली.

"आई, क्लच दाब ना."

"वीस वर्षं गाडी चालवतेय मी. तू आपलं वाच."

ऋजुता वाचू लागली. हा रस्ता एके काळी गुरांचा होता म्हणे. स्कॉटलंडातून हजारो जनावरं याच वाटेनं हाकत दक्षिणेच्या बाजारांना न्यायचे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गवताचे रुंद पट्टे होते आणि त्यांच्या पलीकडे दगडी कुंपणं. जनावरांनी चरत चरत जावं म्हणून ती जागा सोडलेली.

"आणि त्यांच्या पायाला लोखंडाचा नाल लावायचे! गायींना! लंडनपर्यंत चालायला. हाउ स्वीट!"

"स्वीट काय त्यात? लंडनला नेऊन कापायचीच होती ना?"

"ओ माय गॉड, आई. तुझा प्रॉब्लेम काय आहे?"

प्रॉब्लेम ऋजुताच्याच बॅगेत होता, पाकिटात घडी घालून ठेवलेला. पोरगी सतरा वर्षांची, तिला गुरांची डॉक्टर व्हायचं होतं. कॉलेजात अर्ज करायचा तर आधी कुठल्या तरी शेतावर काम केल्याचा दाखला हवा. तिनं तीस शेतकऱ्यांना पत्रं धाडली. एकोणतीस जण गप्प बसले. तिसाव्यानं लिहिलं, 'शनिवारी ये. आईला घेऊन ये.' खाली सही, वॉल्टर डेंट, हॉलोगिल फार्म. अरुणानं ते नाव वाचलं. त्या क्षणापासून ती धुमसत होती. येत नाही म्हणावं तर कारण सांगावं लागणार, आणि कारण तिनं घरात कुणालाही सांगितलेलं नव्हतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

सात वर्षांपूर्वी, २००१ साली, या मुलखात गुरांचा लाळ्या-खुरकूत रोग पसरला होता. एक जनावर रोगी निघालं की सरकार अख्खा कळप आणि शेजारचेही कळप मारून टाकायचं. सरकारला मिळतील तेवढे व्हेट, म्हणजे गुरांचे डॉक्टर, हवे होते. मुंबईत परळच्या व्हेटर्नरी कॉलेजात शिकलेल्या, लीड्सला येऊन इथलीही परीक्षा दिलेल्या अरुणाला कंत्राटावर घेतलं. हॉलोगिलला एका गायीच्या तोंडातून लाळ गळत होती, एवढंच. तोंडात फोड नाही, खुरात जखम नाही. अरुणानं फोनवर तसं सांगितलं. पलीकडचा साहेब म्हणाला, नमुने तपासायला वेळ नाही, रोग आहे असं लिहा. तिनं लिहिलं. त्या दुपारी डेंटची एकशे बारा जनावरं मारली. रोग हॉलोगिलला आहे म्हटल्यावर पुढच्या दोन दिवसांत शेजारच्या तीन गोठ्यांतलीही मारली.

तो साहेब पुढे कुठे गेला, देव जाणे. त्याच्यावरचा राग मात्र अरुणाजवळच राहिला आणि सात वर्षं वड्याचं तेल वांग्यावर निघत राहिलं. नवऱ्यावर, बंद पडलेल्या बॉयलरवर, आणि आज ऋजुतावर.

"तुला मी व्हेट झालेलं नकोच आहे. हो ना?"

अरुणानं ब्रेक दाबला. हॉलोगिलचं फाटक आलं होतं.

डेंट अंगणातच उभा होता. सत्तरीचा, वाकलेला, पण डोळे तेच. त्यानं ऋजुताशी हस्तांदोलन केलं. अरुणापुढे हात केला नाही.

"ही सोमवारपासून येऊ दे," तो म्हणाला. "आज तुम्ही काहीही बोललात तरी. ते वेगळं. हिचं पत्र वाचलं ते आडनावासाठी. पोंक्षे. सात वर्षांपूर्वी तुम्ही सही केलेल्या कागदावर होतं."

"म्हणजे माझ्या मुलीला गळाला लावून मला ओढलंत?"

"हो."

"लाज नाही वाटली?"

"नाही."

ऋजुता दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिली. अरुणाला वाटलं, हिला गाडीत कोंबावं आणि निघून जावं. पण डेंट बोलत होता, आवाज न चढवता, आणि त्यानं ती आणखीच चिडली.

"त्या दिवशी तुम्ही एकेका गायीच्या कपाळाला हात लावत होतात. मग तोच हात स्वतःच्या कपाळाला. मागून बंदूकवाला यायचा. सगळ्यांना केलंत तसं, वासरांनासुद्धा. मला वाटलं, काही तपासताय."

अरुणानं उजवा हात कोटाच्या खिशात घातला. आपण तसं केलं होतं हे तिला आठवतही नव्हतं. घरात पुस्तकाला पाय लागला तरी जो हात आपोआप कपाळाकडे जातो, तोच गेला असणार.

"मग गेल्या हिवाळ्यात मी हॉस्पिटलात होतो. तिथे एक इंडियन डॉक्टर होती. तिला करून दाखवलं. ती म्हणाली, हे माफी मागणं असतं." डेंट एक पाऊल पुढे आला. "आजारी जनावराची माफी कोण मागतं, डॉक्टर?"

"मला वरून सांगितलं होतं! तुम्हाला काय माहीत, दिवसाला तीन-तीन फार्म! मी नसतं लिहिलं तर दुसऱ्यानं लिहिलं असतं!"

"मी ते नाही विचारलं."

अरुणाचे कान तापले होते. या म्हाताऱ्याचा राग यावा म्हणून तिनं मनात खूप खटपट केली, पण राग येऊन येऊन तिच्यापाशीच थांबत होता.

"नव्हता," ती शेवटी म्हणाली. "एकालाही रोग नव्हता. मी सगळी तोंडं उघडून पाहिली होती. मला माहीत होतं."

"आई?" ऋजुता म्हणाली.

डेंटनं मान हलवली. खिशातून टोपी काढून डोक्यावर घातली आणि सरळ अरुणाच्या गाडीकडे निघाला.

"कुठे?" अरुणानं विचारलं.

"शेजारी. तीन घरं. मी रोग लपवला आणि त्यांचे कळप बुडवले, असं समजतात. सात वर्षं कुणी माझ्याशी बोललेलं नाही. आज तुम्ही सांगायचं."

"मला हाकलून देतील ते."

"देतील ना. मला देतातच."

ऋजुता मागच्या सीटवर जाऊन बसली आणि पुढची जागा तिनं म्हाताऱ्याला दिली. अरुणानं गाडी सुरू केली.

पहिलं घर अर्ध्या मैलावर होतं. दार एका जाडजूड बाईनं उघडलं. पायरीवर डेंट दिसताच तिचा चेहरा दगडासारखा झाला आणि ती दार लोटू लागली.

अरुणानं दारावर तळहात टेकवला.

"मी डॉक्टर अरुणा पोंक्षे," ती म्हणाली. "तुमची जनावरं यांच्यामुळे नाही गेली. माझ्या सहीनं गेली. आणि मी खोटं लिहून ती सही केली होती."