अंगदचीमम्मी यांचे स्वागत

इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशात रोज कुणीतरी नवं माणूस खातं उघडतं आणि कुठल्यातरी लेखात थोडीशी भर घालून जातं. त्यांचं स्वागत करायचं काम माझ्याकडे आहे. कुणी दिलेलं नाही, मीच घेतलंय. पगार नाही, ओळखपत्र नाही. सावेडीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर, कुकरच्या शिट्ट्यांकडे एक कान ठेवून मी ते करते.

स्वागताचा मजकूर तयारच असतो. एक बटण दाबलं की नव्या माणसाच्या पानावर जाऊन बसतो. 'आपले हार्दिक स्वागत आहे', खाली निळ्या अक्षरांत धोरणे, संदर्भ, शिष्टाचार आणि शेवटी एक पुष्पगुच्छ. वाचताना बँकेत आल्यासारखं वाटतं. म्हणून मी गुच्छाच्या खाली आपला एक प्रश्न घालते. त्या माणसानं काय लिहिलंय ते बघून. एकानं शिर्डीच्या लेखात हारांच्या दुकानांवर दोन ओळी लिहिल्या होत्या, त्याला विचारलं, विकले न गेलेले हार शेवटी जातात कुठे? त्यानं उत्तर दिलं नाही. बरेच जण देत नाहीत. पण दारात आलेल्याला 'कुठून आलात' म्हटल्याशिवाय पाण्याचा तांब्या पुढे करणं मला जमत नाही.

"एवढं स्वागत माझ्या बहिणीचं केलं असतंस," आमचे हे, म्हणजे ज्ञानेश्वर, म्हणतात, "तर ती चार दिवस राहिली असती."

"त्यांना प्रश्न विचारले की राग येतो."

"तुझे प्रश्न तसलेच असतात."

तर एके दिवशी 'अंगदचीमम्मी' अशा नावाचं खातं आलं. पाथर्डी तालुक्यातल्या आंबेसांगवी या गावावरच्या लेखात तिनं एक ओळ घातली होती. 'गावात बारव हाय, पानी लई गोड.' आमच्याकडच्या गावांचे लेख म्हणजे तालुका, पिनकोड आणि लोकसंख्या, संपलं. त्यात बारवेच्या, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीच्या, पाण्याची चव कुणी लिहीत नाही. मी ओळ प्रमाण मराठीत नीट करून ठेवली, स्वागताचं बटण दाबलं आणि खाली विचारलं, 'बारवेचं पाणी उन्हाळ्यात टिकतं का हो?'

उत्तर आलं. पण आलं ते लेखात. 'भूगोल' या मथळ्याखाली, पर्जन्यमानाच्या वाक्याला लागून, 'न्हाई ताई, संक्रांतीपतूर. मंग टँकर. तुमी कुडल्या?'

मी एकटीच मोठ्यानं हसले.

बोलायची जागा वेगळी असते. प्रत्येक लेखाच्या मागे 'चर्चा' म्हणून एक पान असतं आणि प्रत्येक सदस्याचंही असतं. लेख म्हणजे बैठकीची खोली म्हणा, गप्पा मागच्या पडवीत. हे तिला कोण सांगणार? मी तिचं उत्तर लेखातून अलगद काढलं आणि तिच्या पानावर लिहिलं, 'मी सावेडीची, माहेर अकोले. बोलायला या पानावर या.'

ती आली नाही. दुसऱ्या दिवशी लेखात नवी ओळ. आता 'लोकसंख्या' या मथळ्याखाली. 'ताई, हे २०११ ला मोजलं म्हनत्यात. पन कंच्या महिन्यात? उसाच्या दिसात मोजलं आसंल तर गावात म्हातारी मान्सं आन् कुत्री सोडून कोन नसतं. अंगदचे पप्पा म्हनत्यात ते तवा फडावर हुते. मंग त्यांला कुठं धरलं?'

मी चहा गार होईपर्यंत त्या ओळीकडे बघत राहिले. असल्या शंभर लेखांतले लोकसंख्येचे आकडे मी स्वतः तपासलेत. महिना कोणता, हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं. ही बाई कोण, कुठे बसून हे वाचतेय, काही कळेना. पण तिच्याशी बोलायला मिळायलाच हवं, एवढं पक्कं झालं.

मी ओळ काढायच्या आत ती हर्षलनं काढली. हर्षल आमच्या ज्ञानकोशाचा प्रचालक, म्हणजे राखणदार. मूळ संगमनेरचा पोरगा, पुण्यात नोकरी. दिवसभर लेखांत घुसलेल्या वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि प्लॉटच्या जाहिराती उपसत असतो. त्यानं नियमाप्रमाणे तिच्या पानावर इशारा लावला. लाल पंजाचं चित्र आणि 'आपल्या अनुचित संपादनांमुळे'. तरी ती लेखातच लिहीत राहिली, 'ताई, गप का झालात?' मग दुसरा पंजा, मग तिसरा. तिसऱ्यात शेवटची ताकीद होती. यापुढे लेखात गप्पा आढळल्या तर खातं बंद.

मी त्याला फोन लावला.

"काकू, मी तीनदा सांगितलं तिला."

"अरे, पण ती वाचतच नाही ते."

"मग मी काय करू? पत्र पाठवू?"

"ती विचारतेय ते बघितलंस का पण?"

"काकू, ती लेखात विचारतेय. उद्या सगळे लेखात विचारायला लागले तर ज्ञानकोशाचा कट्टा होईल. अजून एकदा लिहिलं की बंद. मला वाईट वाटतंय, पण बंद."

त्याचंही खोटं नव्हतं. ती साधारण दुपारच्या जेवणाच्या वेळी लिहायची, हे माझ्या ध्यानात आलं होतं. आता बारा वाजत आले होते. तिच्या पानावर मी पुन्हा दोन निरोप टाकले, तिन्ही लाल पंजांच्या खाली. काहीच हललं नाही. ती फक्त एकच पान बघत होती. आपल्या गावाचं.

मग मी तेच केलं, जे करू नका म्हणून गेली कित्येक वर्षं लोकांना सांगत आलेय. आंबेसांगवीचा लेख उघडला आणि लोकसंख्येखाली ठळक अक्षरांत लिहिलं, 'अंगदच्या मम्मी, इथे काही लिहू नका! वर "चर्चा" असा शब्द दिसतोय, त्यावर बोट ठेवा. मी तिथे बसलेय. सत्यशीला.'

पाचएक मिनिटांत हर्षलचा फोन.

"काकू, तुमचं अकाउंट हॅक झालंय का?"

"नाही. मीच आहे."

"लेखात? तुम्ही?" त्याचा आवाज अगदी पोरासारखा झाला. "काढतोय मी."

"काढलंस तर परत लिहीन."

"मग मला तुम्हाला पंजा लावावा लागेल."

"लाव. पण ती जेवायला बसेपर्यंत तेवढं राहू दे."

त्यानं फोन ठेवला. ओळ मात्र लेखात तशीच राहिली. थोड्या वेळानं माझ्याच पानावर खूण आली. उघडलं, तर 'आपले हार्दिक स्वागत आहे'. धोरणे, शिष्टाचार आणि पुष्पगुच्छ. पंजा लावायचं त्याच्या जिवावर आलं असावं.

"काय झालं?" ह्यांनी पेपरातून मान वर केली.

"माझं स्वागत झालं."

"इतक्या वर्षांनी?"

मी चर्चेचं रिकामं पान उघडून बसले. कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या, मोजल्या नाहीत. आणि मग तिथे एक ओळ उमटली.

'आले. हाय का तुमी?'

'आहे, आहे,' मी घाईघाईनं लिहिलं. 'अहो, केवढे निरोप पाठवले तुमच्या पानावर!'

'ते लाल हाताचे? पयलं फुलांचं तेवढं वाचलं, मंगचे मला वाटलं कंपनीचे हायत. रिचार्ज संपला की येत्यात तसले.'

'त्यांच्या खाली माझे होते.'

'मंग तेबी कंपनीचेच वाटले.'

ती ऊसतोडीच्या फडावर होती, कोपरगावकडे. कोपीत, म्हणजे उसाच्या पाल्याच्या खोपटात, भाकरी खाताना मोबाईलवर गावाचं नाव टाकलं, तर हा लेख निघाला. 'करमत न्हाई ना, म्हून रोज वाचते. चारच ओळी हायत, लगीच संपत्यात. म्हून मी वाढवाया गेले.'

मी म्हटलं, वाढवू की, मिळून वाढवू. आणि सवयीनं पुढे लिहिलं, 'इथे बोलून झालं की खाली सही करायची असते.'

'अंगठा चालंल का?'

आता काय उत्तर द्यावं, तिला लागणार नाही असं, या विचारात मी तीन वाक्यं लिहून पुसली. तोवर तिचंच आलं.

'थट्टा केली वो ताई! बारावी झालीय माजी. पंकजा नाव हाय. बरं, ते मोजणीचं सांगा.'

'मला माहीत नाही,' मी लिहिलं. खरंच माहीत नव्हतं.

तेवढ्यात आमच्या दोघींच्या खाली तिसरंच कुणी बोललं. बटण दाबून आलेला मजकूर नव्हता तो. 'शोधलं. मोजणी फेब्रुवारीत झाली होती. फडावरच्या लोकांना गावात धरलं की फडावर, ते अजून सापडत नाहीये, बघतोय. तुमच्या कोपीपाशी पाणी कुठून येतं? - हर्षल.'

पंकजानं लगेच मला विचारलं, 'ह्ये कोन? लाल हातवाले का?'

मी गॅस बंद केला आणि खुर्ची पुढे ओढून बसले. आता यावर हर्षल काय सांगतो, ते मला बघायचं होतं.