वच्छला सिस्टरांचं पाणी

"वरून प्या, मायाक्का. तांब्याला तोंड लावायचं नाही."

टेबलाशी बसलेले डॉक्टर शेटे मान वर न करता म्हणाले, "सिस्टर, पोटात कळ होती, इंजेक्शन दिलंय. 'घरी पाठवा' असं लिहिलंय मी."

"लिहिलंय की. पाणी पिऊन जाऊ दे."

शेटे इंटर्न होऊन दोन महिने झाले होते. वच्छला सिस्टर कॅज्युअल्टीत बावीस वर्षं होत्या. घरी निघालेल्या प्रत्येकाला त्या पाणी पाजत. सगळा दवाखाना थट्टा करी. "सोलापूरच्या उन्हात तेवढंच पुण्य," म्हणून त्याही हसत. खरं म्हणजे त्या बघत असत: हात उचलतो का, मान मागे जाते का, घोट उतरतो का.

मायाक्काचा घोट उतरला नाही. पाणी नाकातून आलं.

सिस्टर तिच्या नवऱ्याकडे वळल्या. "रेवणप्पा, रात्री कुठं झोपला होता?"

"खळ्यावर, भुईलाच. पर चावलंबिवलं काय न्हाय, बाई. सकाळधरनं लई झोप येतीया म्हणती."

शेट्यांनी मायाक्काला वर बघायला सांगितलं. पापण्या वर गेल्याच नाहीत.

"मण्यार," ते पुटपुटले. या सापाच्या विषानं पोटात कळ येते, पापण्या आणि घसा लुळे पडतात, पण दाताची खूण बहुधा दिसत नाही, हे ते परीक्षेत लिहून आले होते.

"मोठ्या डॉक्टरसाहेबांना फोन करा," सिस्टर म्हणाल्या.

"ते पूजेला बसले असतील. ओरडतील."

"ओरडू द्या. मला बावीस वर्षं ओरडतायत. झिजले का मी?"

साहेब कपाळावरच्या ओल्या विभूतीनिशी आले आणि ओरडले नाहीत. सापाच्या विषावरची लस टोचली. श्वास मंदावला तशी नळी घातली, आणि दिवस मावळता तिचा श्वास परत येईपर्यंत शेटे हवेची पिशवी दाबत राहिले.

तिसऱ्या दिवशी नळी निघाली आणि मायाक्काचा आवाज व्हरांड्यापर्यंत आला. "म्हशीला कोण बगतंय? तीन दिस हितं बसून माजं तोंड बगताय व्हय?"

"बोलती! अवो, भांडती बगा की!" रेवणप्पा खाटेखाटेपाशी जाऊन सांगत होता. सारा वॉर्ड हसत होता.

राउंडला साहेबांनी केसपेपर उचलला. "ओळखलं कुणी?"

पेपरवर अक्षर शेट्यांचंच होतं. ते म्हणाले, "सिस्टरांनी अडवलं, सर. मी घरी पाठवत होतो."

साहेबांनी आपली खुर्ची ओढून पुढे केली. "बसा, सिस्टर."

डॉक्टर उभे असताना नर्सनं बसायची रीत नव्हती. वच्छला सिस्टर खुर्चीच्या कडेवर टेकल्या, टोपी सरळ केली, आणि शेटे उभ्यानंच त्यांना पुढच्या खाटेवरच्या पेशंटची हकीकत सांगू लागले.